क्लेम्स-बेस्ड आयडेंटिटी आणि केंद्रीय लॉगिन

क्लेम्स-बेस्ड आयडेंटिटी ही कॉम्प्युटर सिस्टीममध्ये माणसाची ओळख पटवायची एक पद्धत आहे. यात प्रत्येक अ‍ॅप स्वतः युजरनेम-पासवर्ड तपासत बसत नाही, दुसऱ्या एका विश्वासातल्या सर्व्हरने त्या माणसाबद्दल जे सही करून लिहून दिलंय ते वाचतं आणि त्यावरून त्याला काय करू द्यायचं ते ठरवतं. लिहून दिलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक क्लेम: नाव अमुक, विभाग अकाउंट्स, भूमिका मॅनेजर, वय 18 च्या वर, असं काहीही. पासवर्ड बघायचं, ओटीपी मागायचं काम एकाच ठिकाणी होत असेल तर ते केंद्रीय ऑथेंटिकेशन, आणि सकाळी एकदा लॉगिन केलं की दिवसभर बाकीची अ‍ॅप आपोआप उघडतात ते सिंगल साइन-ऑन. हे तिन्ही शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात पण फरक आहे. ऑफिसमधली सगळी अ‍ॅप एकाच एलडॅप डिरेक्टरीला (सगळ्या युजरची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला) पासवर्ड विचारत असतील तर तेही केंद्रीयच झालं, पण तिथे पासवर्ड प्रत्येक अ‍ॅपच्या हातातून जातो आणि त्यातलं एक जरी कच्चं निघालं तरी सगळ्यांचे पासवर्ड गेले. क्लेमच्या पद्धतीत अ‍ॅपला पासवर्ड दिसतच नाही, माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

काम कसं चालतं

उत्पन्नाचा दाखला घेऊन आपण कॉलेजच्या खिडकीवर जातो तेव्हा तिथला क्लार्क आपला पगार मोजायला घरी येत नाही, तो एवढंच बघतो की सही-शिक्का तहसीलदार कार्यालयाचा आहे ना, नाव बरोबर आहे ना आणि मुदत संपलेली नाही ना. इथेही तसंच आहे. तुम्ही अ‍ॅप उघडता, अ‍ॅप ब्राउझरला आयडेंटिटी प्रोव्हायडरकडे, म्हणजे वर सांगितलेल्या विश्वासातल्या सर्व्हरकडे, पाठवतं, तिथे लॉगिन होतं, तो सर्व्हर क्लेम्स एका टोकनमध्ये, म्हणजे डिजिटल दाखल्यात, भरून आपल्या प्रायव्हेट कीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त किल्लीने, डिजिटल सही करतो आणि ब्राउझर ते टोकन घेऊन परत अ‍ॅपकडे येतो. अ‍ॅपकडे त्या सर्व्हरची पब्लिक की, म्हणजे त्याच किल्लीची सगळ्यांना देता येणारी जोडीदार, असते, तिने सही तपासता येते.

पण नुसती सही बरोबर असून भागत नाही, हे नवीन लोकांना नीट सांगितलं जात नाही म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. टोकन कोणी दिलं, कोणत्या अ‍ॅपसाठी दिलं आणि कधीपर्यंत चालेल, हे तिन्ही तपासावं लागतं. दुसरी गोष्ट, म्हणजे ज्याला ऑडियन्स म्हणतात ती, सोडून दिली तर सुट्टीच्या अर्जाच्या अ‍ॅपसाठी मिळालेलं टोकन कोणीही पगाराच्या अ‍ॅपमध्ये दाखवेल आणि सही खरीच असल्यामुळे ते चालूनही जाईल. 2015 मध्ये जेडब्ल्यूटी नावाच्या टोकन-प्रकाराच्या काही लायब्ररींमध्ये, म्हणजे प्रोग्रामर वापरतात त्या तयार कोडमध्ये, याहून वाईट प्रकार सापडला होता, टोकनच्या हेडरमध्ये सहीची पद्धत 'नन' म्हणजे काहीच नाही असं लिहिलं की त्या लायब्ररी सही न बघता टोकन खरं मानायच्या.

कुठून आलं

सुरुवात केंद्रीय लॉगिनपासून झाली. अमेरिकेत एमआयटीमध्ये 1983 साली अथेना नावाचा प्रकल्प निघाला, कॅम्पसभर पसरलेल्या कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांनी लॉगिन करायचं पण पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जाऊ द्यायचा नाही, यातून कर्बेरॉस ही लॉगिनची पद्धत तयार झाली. पुढे विंडोज 2000 च्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने (ऑफिसमधल्या युजर आणि कॉम्प्युटरची नोंद ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय) तेच घेतलं आणि आज अनेक ऑफिसांमध्ये विंडोजचं लॉगिन त्यावरच चालतं. कर्बेरॉस एका संस्थेच्या आत उत्तम आहे, अडचण येते ती आपल्या माणसाला दुसऱ्या कंपनीची वेबसाइट वापरायची असते तेव्हा, कारण तिकडचा सर्व्हर आपल्या डोमेनचा, म्हणजे आपल्या संस्थेच्या नेटवर्कचा, नसतो आणि त्याला आपले ग्रुप कळत नाहीत.

ही भिंत ओलांडायला सॅमल आलं, म्हणजे एका संस्थेने सही केलेले क्लेम्स दुसऱ्या संस्थेच्या साइटला द्यायची ठरलेली पद्धत, त्याची पहिली आवृत्ती 2002 ची आणि आजही चालणारी 2.0 ही 2005 ची. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या किम कॅमेरॉन यांनी 'लॉज ऑफ आयडेंटिटी' मांडले, त्यात डिजिटल ओळख म्हणजे क्लेम्सचा संच अशी व्याख्या होती, आणि क्लेम म्हणजे अशी गोष्ट जिच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. ही शंका महत्त्वाची आहे, क्लेम कोण करतंय याला किंमत त्यामुळेच येते. कॅमेरॉन यांच्या विचारातून आलेलं कार्डस्पेस हे मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर लोकांनी फारसं वापरलं नाही आणि 2011 मध्ये ते थांबवलं, पण कल्पना टिकली. मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंट 2010 या ऑफिसच्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लेम्सवर लॉगिन आलं, 2012 च्या डॉटनेट 4.5 या प्रोग्रामिंगच्या फ्रेमवर्कमध्ये क्लेम्सची सोय फ्रेमवर्कच्या आतच घातली. मोबाइल अ‍ॅपच्या काळात सॅमल ज्यात लिहिलं जातं ते एक्सएमएल जड वाटायला लागलं, तेव्हा ओऑथ 2.0 (एका अ‍ॅपला दुसरीकडची परवानगी द्यायची पद्धत) आणि त्यावर 2014 मध्ये ओपनआयडी कनेक्ट आलं. 'गुगलने साइन इन करा' हे बटण दाबतो तेव्हा आपण हेच वापरतो.

कमी सांगणं

या पद्धतीची सुंदर बाजू विद्यापीठांच्या लायब्ररीत दिसते. जर्नल छापणाऱ्या प्रकाशकाला वाचणाऱ्याचं नाव कशाला हवं, तो वर्गणी भरलेल्या विद्यापीठाचा सदस्य आहे एवढं कळलं की पुरे. शिबोलेथ नावाचं सॉफ्टवेअर याच विचाराने बांधलं गेलं, त्यात विद्यापीठ 'हा आमचा सदस्य आहे' इतकाच क्लेम देऊ शकतं, नाव न सांगता. भारतात गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र इन्फेड ही अशीच फेडरेशन, म्हणजे एकमेकांचे क्लेम मानणाऱ्या संस्थांचा गट, चालवतं.

आधारमध्येही याची झलक आहे. पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आधारच्या साध्या पडताळणीत विचारणाऱ्याला माहिती मिळत नाही, या नंबरची ही जन्मतारीख आहे का असं विचारलं की फक्त हो किंवा नाही येतं. ऑफलाइन ई-केवायसीची फाइल (आपण स्वतः डाउनलोड करून ओळख म्हणून द्यायची) तर क्लेम्सचं चोख उदाहरण आहे, ती आधार देणाऱ्या यूआयडीएआयने सही केलेली एक्सएमएल असते, तिच्यात पूर्ण आधार नंबर नसतो, शेवटचे चारच आकडे असतात, आणि समोरचा माणूस ती यूआयडीएआयला न विचारता तपासू शकतो. आपल्याकडे हॉटेलपासून सोसायटीच्या गेटपर्यंत आधारची झेरॉक्स मागतात ते बघून वाटतं की ही फाइल लोकांपर्यंत पोचायलाच हवी होती.

जोखीम

सगळं एका जागी आलं की ती जागा पडली तर सगळं पडतं. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक साधारण सहा तास बंद होतं, तेव्हा फेसबुकच्या खात्याने लॉगिन होणाऱ्या दुसऱ्या साइट्सवरही लोकांना शिरता येईना.

त्याहून गंभीर म्हणजे सहीची की चोरीला जाणं. ती ज्याच्या हातात पडेल तो कोणाच्याही नावाने हवे ते क्लेम लिहू शकतो, पासवर्ड नको, ओटीपी नको, कारण ओटीपी मागणाऱ्या सर्व्हरकडे तो जातच नाही. या हल्ल्याला 2017 मध्ये गोल्डन सॅमल हे नाव मिळालं आणि 2020 च्या सोलरविंड्स प्रकरणात, म्हणजे त्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमधून झालेल्या मोठ्या हल्ल्यात, तो प्रत्यक्ष झाला. 2023 मध्ये हल्लेखोरांनी त्यांच्या हाती लागलेली मायक्रोसॉफ्टची 2016 सालची एक की वापरली, ती खरं तर घरगुती खात्यांसाठीची होती, पण तपासणीतल्या चुकीमुळे तिच्या सहीची टोकन्स सरकारी आणि कंपन्यांच्या मेललाही चालली आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासकट वीसहून जास्त संस्थांचे मेल वाचले गेले. म्हणून सहीची की एचएसएममध्ये म्हणजे ती बाहेर काढताच येणार नाही अशा हार्डवेअरमध्ये ठेवावी आणि ठरलेल्या मुदतीने बदलावी. अ‍ॅप लिहिणाऱ्यानेही की कोडमध्ये चिकटवून ठेवू नये, प्रोव्हायडर जिथे चालू कीज जाहीर करतो तिथून घ्यावी, नाहीतर की बदलली त्या दिवशी अ‍ॅप बंद.

रोजच्या कामातली एक चूक फार दिसते, माणूस ओळखायला ईमेलचा क्लेम वापरतात. लग्नानंतर आडनाव बदललं की मेल बदलतो आणि त्या बाईंचा जुना सगळा डेटा अ‍ॅपला परका होतो, किंवा नोकरी सोडून गेलेल्याचा पत्ता नवीन माणसाला दिला की जुन्याची कागदपत्रं त्याला दिसायला लागतात. ओपनआयडी कनेक्टमध्ये यासाठी 'सब' नावाचा न बदलणारा क्लेम आहे, तो आणि देणाऱ्या सर्व्हरचं नाव अशी जोडीच साठवावी.

आणि टोकन दिल्यानंतर जग बदलतं. दुपारी एखाद्याचे अ‍ॅडमिनचे हक्क काढले तरी सकाळच्या टोकनमध्ये तो अ‍ॅडमिनच असतो, मुदत संपेपर्यंत. त्यामुळे टोकनची मुदत छोटी, तासाभराच्या आसपास ठेवतात, आणि पैसे पाठवण्यासारख्या कामाच्या वेळी क्लेमवर न विसंबता हक्क तिथल्या तिथे पुन्हा तपासतात. लॉगआउटचंही तेच, एका अ‍ॅपमधून बाहेर पडलं म्हणून बाकीच्या अ‍ॅपचं सेशन मरत नाही, त्यासाठी प्रोव्हायडरला प्रत्येकाला वेगळं कळवावं लागतं आणि त्यातल्या प्रत्येकाने ते ऐकावं लागतं.