भरिताचा धूर आणि कागदाचं वजन

थंडी पडली की तापीकाठी भरिताचे दिवस येतात. शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, जळगाव जिल्ह्यातल्या बामणोद गावची वांगी साल काळी पडेपर्यंत भाजायची, मुसळाने ठेचायची आणि कळण्याच्या पुरीबरोबर खायची. धूर अंगावर आला की जो तो जागा बदलतो, आणि धूरही नेमका त्याच्याच मागे जातो.

डोळ्यांत पाणी आणतात ते मुख्यतः धुरातले तिखट वायू. छातीत उतरतात ते कण मात्र डोळ्याला दिसत नाहीत, घशालाही टोचत नाहीत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. हायवेच्या कामावर उडणारी जाडी धूळ बरीचशी नाकाघशातच अडते, शिंकेतून किंवा कफातून बाहेर पडते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजेच पीएम 2.5, थेट फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. त्यातले अतिसूक्ष्म काही रक्तातही शिरतात. शरीर त्यांच्याशी झगडत राहतं, रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, रक्त गोठण्याकडे झुकतं. प्रदूषण म्हटलं की आपल्याला दमा आठवतो. पण हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटाही फार मोठा आहे.

हे कण मोजायची जुनी, भरवशाची रीत अगदी किराणा दुकानातली वाटावी अशी आहे: वजन करायचं. गाळणीचा कागद आधी तोलायचा, पंपाने त्यातून 24 तास हवा ओढायची आणि पुन्हा तोलायचा. पीएम 2.5 चं नेहमीचं यंत्र मिनिटाला 16.7 लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे 24 घनमीटर हवा ओढतं. आपल्याकडची दिवसाची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). ती गाठली तरी कागदाचं वजन वाढतं जेमतेम दीड मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये स्वतःची दिवसाची शिफारस 15 वर आणली.

हल्ली मिळणारी छोटी यंत्रं तोलत नाहीत. ती कणांवरून विखुरणारा प्रकाश पाहून अंदाज बांधतात. धुक्याच्या पहाटे कण ओलावा पिऊन फुगतात आणि यंत्र आकडा वाढवून सांगतं. म्हणून अशा यंत्राचा एखादा आकडा पाहून घाबरू नये, आणि निर्धास्तही होऊ नये.

हवेतला कण तोलता येतो, पण त्याने केलेली हानी तोलायची कशी? मृत्यूच्या दाखल्यावर ‘हवा’ असं कारण सहसा लिहिलेलं नसतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी सहा शहरांतल्या 8,111 प्रौढांचा 14 ते 16 वर्षं माग ठेवला. वय, विडी-सिगारेट, वजन, शिक्षण यांचा फरक हिशेबातून वेगळा काढला. 1993 साली निष्कर्ष छापून आला: सर्वांत मळकट हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराहून 26 टक्के जास्त. यातला नेमका कोण हवेमुळे गेला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ही हानी माणसात दिसत नाही, मोजदादीत दिसते. माझ्या मते लोकांचा विश्वास बसत नाही तो इथेच. ‘आमचे आजोबा चुलीपुढे नव्वद वर्षं जगले’ हे खरं असतं, पण तो एकच माणूस झाला.

हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांसाठी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्या यादीत जळगाव आहे. पण शहरातलं यंत्र बहुधा एखाद्या छतावर असतं. जाळापाशी वांगी उलटणाऱ्या बाईच्या नाकाशी नसतं. तिची हवा मोजायची तर कमरेला छोटा पंप आणि गळ्याशी गाळणी अडकवावी लागते. चुलीच्या धुराचे अभ्यास असेच होतात.

भरीत मी सोडणार नाही. वारा ज्या बाजूने येतो तिकडे बसतो, इतकंच. पण थंडीत सूर्य बुडाला की जमीन भराभर निवते, गार हवा उबदार हवेखाली कोंडते आणि धूर वर न चढता शिवारावर चादरीसारखा पसरतो. मग कुठल्याही बाजूला बसलं तरी सारखंच.