केश सरळीकरण, रासायनिक

कुरळ्या, नागमोडी किंवा विस्कटणाऱ्या केसांची अंतर्गत रचना रसायनांनी बदलून ते दीर्घकाळ सरळ राहतील असे करण्याची प्रक्रिया. इस्त्री किंवा तापवलेला कंगवा फिरवणे यात मोडत नाही. उष्णतेने फक्त हायड्रोजन बंध तुटतात आणि पाणी वा पावसाळी हवा लागताच केस पूर्ववत होतात. महाराष्ट्रातील पार्लरच्या फलकांवर रिबाँडिंग, स्मूदनिंग आणि केराटिन ही नावे शेजारीशेजारी असतात. पहिली दोन सामान्यतः एकाच रासायनिक कुळातली, तिसरे वेगळ्या. प्रक्रिया किती काळाने पुन्हा करावी याचे उत्तर मुख्यतः या कुळभेदावर अवलंबून असते.

रसायनक्रिया : केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातील सिस्टीन या गंधकयुक्त घटकामुळे शेजारच्या प्रथिनसाखळ्या डायसल्फाइड बंधांनी एकमेकींना जखडल्या जातात, आणि केसाला मुळात आलेला आकार या बंधांमुळे टिकून राहतो. सरळीकरणाचे तीन मार्ग आहेत.

पहिला तीव्र अल्कांचा (अल्कलींचा). सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, किंवा ग्वानिडीन हायड्रॉक्साइड असलेले हे लेप (रिलॅक्सर) १२ किंवा त्याहून अधिक पीएच मूल्याचे असतात. बंधातील दोन गंधक अणूंपैकी एक निघून जातो व लँथिओनीन हा एकाच गंधक अणूचा पक्का जोड तयार होतो. हा बदल उलटवता येत नाही. ‘नो-लाय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लेपांत कॉस्टिक सोडा नसतो एवढेच. ते सौम्य असतात असा त्या नावाचा अर्थ घेऊ नये.

दुसरा मार्ग क्षपणाचा (रिडक्शन, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेचा). अमोनियम थायोग्लायकोलेट लावल्याने डायसल्फाइड बंध सुटतात, केस सरळ ताणून इस्त्री केली जाते आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या ऑक्सिडीकारकाने बंध नव्या जागी पुन्हा जुळवले जातात. सर्व बंध जुळत नाहीत. दर खेपेला केसाची ताकद थोडी घटते ती त्यामुळे. रिबाँडिंग ते हेच.

तिसऱ्या मार्गात बंध तोडण्यावर भर नसतो. फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लायॉक्झिलिक अम्ल असलेले द्रावण लावून सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली इस्त्री फिरवली की केसावर व साखळ्यांमध्ये एक तात्पुरती जुळणी बसते. ती धुण्याने हळूहळू उतरते. पार्लरमधील ‘केराटिन’ ते हेच; हे नाव व्यापारी सोयीचे आहे.

उगम : रासायनिक सरळीकरणाचा आरंभ बहुधा अमेरिकेतील कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट ऑगस्टस मॉर्गन (१८७७–१९६३) याच्यापासून सांगितला जातो. क्लीव्हलंड येथे शिलाई यंत्रांच्या व्यवसायात असताना सुईच्या घर्षणाने लोकरी कापड करपू नये म्हणून तो एक द्रव तयार करीत होता. हात पुसलेल्या कापडाचे तंतू सरळ झालेले दिसले, तेव्हा त्याने तो द्रव शेजाऱ्याच्या एअरडेल जातीच्या कुत्र्यावर आणि शेवटी स्वतःच्या केसांवर लावून पाहिला, अशी ही हकीकत आहे. तिचा काळ १९०५, १९०९ व १९१० असा वेगवेगळा दिला जातो. त्याची केशप्रसाधनांची कंपनी मात्र साधारण १९१३ च्या सुमारास सुरू झाली हे बहुतेकांना मान्य आहे, आणि व्यवसायाचा आरंभ म्हणून हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. कुत्र्याची गोष्ट आख्यायिकेच्या वळणाची आहे. केशप्रसाधनांची अमेरिकी कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) हिने तापता कंगवा शोधला हे विधानही वारंवार आढळते. ते चुकीचे आहे. असे कंगवे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये वापरात होते, आणि मुळात ते रासायनिक साधन नव्हे.

थायोग्लायकोलेटचा धागा वेगळ्या दिशेने येतो. गॉडर्ड व मिकाएलिस या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये या वर्गातील संयुगांनी केराटिनमधील बंध सुटतात असे दाखवले. त्याचा पहिला मोठा उपयोग केस कुरळे करण्यासाठी झाला : अमेरिकी केशरचनाकार अर्नॉल्ड विलॅट याच्या ‘कोल्ड वेव्ह’ (उष्णतेविना केस कुरळे करण्याच्या) पद्धतीचे वर्ष सहसा १९३८ दिले जाते. तेच रसायन उलट्या हेतूने, इस्त्रीच्या जोडीने वापरण्याची पद्धत १९९० च्या दशकात जपानमध्ये रूढ झाली. तेथे तिला ‘शुकुमो क्योसेई’ म्हणतात. रिबाँडिंग हे नाव भारतात व आग्नेय आशियात चालते.

पुनरावृत्तीचा काळ : अल्क व थायोग्लायकोलेट या दोन्ही पद्धतींत एकदा सरळ झालेला भाग सरळच राहतो. टाळूतून नवा येणारा केस मात्र मूळच्या वळणाचा असतो. म्हणून दुसऱ्या खेपेला (टच-अप) लेप फक्त नव्या वाढीला लावायचा असतो, आणि मध्यंतर किती ठेवायचे ते केस किती वाढला यावर ठरते.

रिलॅक्सरसाठी सहा ते आठ आठवडे ही केशकर्तनालयांतील जुनी प्रथा आहे. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दोन ते चार महिने सांगते. हे दुसरे मध्यंतर अधिक ग्राह्य मानावे. मोजमापही त्याच बाजूने आहे. आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींचा केस महिन्याला सरासरी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. सहा आठवड्यांत जेमतेम एक सेंटिमीटर नवा केस येतो आणि एवढ्या पट्टीत लेप जुन्या भागावर न सांडता लावणे सराईत हातालाही कठीण जाते. जुना भाग पुन्हा भिजला की केस जोडरेषेवर तुटतो. मध्यंतर फार लांबवण्यालाही मर्यादा आहे, कारण कुरळा व सरळ भाग मिळतो ती रेषा दुबळी असते आणि विंचरताना तेथेच ताण येतो.

आशियाई केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतात. रिबाँडिंगनंतर सहा महिन्यांत सात-साडेसात सेंटिमीटर नवी वाढ दिसते. त्यामुळे सहा महिने ते एक वर्ष हे मध्यंतर येथे चालते. ज्यांचे केस मुळात फक्त नागमोडी आहेत त्यांना वर्षातून एकदाही पुरते. लग्नसराईपूर्वी मुळापासून टोकापर्यंत ‘पुन्हा करून घेणे’ हा मात्र या रसायनाचा गैरवापर होय. टोकांशी आधीच दोन-तीन वर्षे जुना केस असतो.

तिसऱ्या पद्धतीचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो आणि प्रत्येक खेपेला तोच केस, तीच वाफ व तोच श्वास यांना सामोरे जावे लागते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोगकारक ठरवले. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने सलूनमधील वाफेबद्दल इशारा दिला. काही उत्पादनांवर ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ असे लेबल असूनही त्यात ते सापडले होते. त्यानंतर ग्लायॉक्झिलिक अम्लाचा वापर वाढला. २०२४ मध्ये फ्रेंच वैद्यांनी नोंदवलेल्या एका तरुणीला तीन वेगवेगळ्या वर्षी, प्रत्येक वेळी अशा द्रावणाने केस सरळ केल्यावर, मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली होती.

वारंवारतेचा थेट विचार करणारे निरीक्षण २०२२ मधील आहे. अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षे मागोवा घेतला असता, वर्षात चारपेक्षा अधिक वेळा सरळीकरण करणाऱ्यांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अनुमानित प्रमाण ४.०५ टक्के, तर कधीच न करणाऱ्यांत १.६४ टक्के आढळले. या सर्व स्त्रियांच्या बहिणींना स्तनाचा कर्करोग झालेला होता, आणि कोणते उत्पादन वापरले हे विचारलेले नव्हते; त्यामुळे हे आकडे कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत.

निषेध : हायड्रॉक्साइड लावलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट किंवा त्याउलट कधीही लावू नये, केस मुळाजवळ तुटून हातात येतात. ब्लीच केलेले केस, टाळूवरील जखम व खाज ही टाळण्याची इतर कारणे. मेंदीबाबत आपल्याकडे विशेष काळजी हवी. शुद्ध मेंदी केसावर थर धरते व लेप असमान मुरतो. बाजारी ‘काळ्या मेंदी’त धातूंची लवणे असल्यास पेरॉक्साइडशी त्यांची अभिक्रिया होऊन केस तापतो. एका बटेवर आधी चाचणी घेणे हाच त्यावर उपाय.