कात्री, झेरॉक्स आणि रस्त्यावरची भिंत: तरुणांच्या उपसंस्कृतीने नियतकालिकात स्वतःला कसे मांडले

१९६४ च्या ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडमधील क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावात तरुणांची काही किरकोळ मारामारी आणि मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या दैनिकांनी तिची इतकी भडक वर्णने छापली, की मॉड्स आणि रॉकर्स हे दोन गट म्हणजे समाजावर आलेले संकटच आहे, असे वाचकांना वाटावे. या वार्तांकनाचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की वृत्तपत्रे एखाद्या गटाचे राक्षसीकरण करतात आणि मग ती प्रतिमाच त्या गटाची ओळख ठरते. तरुणांच्या उपसंस्कृतींनी स्वतःची नियतकालिके काढली, त्यामागची निकड या अनुभवावरून समजू शकते. आपले चित्रण दुसऱ्यांच्या हाती राहिले तर ते कसे होते, हे त्यांनी पाहिलेले होते.

अशा प्रकाशनांचे साधन मात्र त्याआधीच घडलेले होते. अमेरिकेतील विज्ञानकथांच्या चाहत्यांनी १९३० मध्ये शिकागोतून ‘द कॉमेट’ हे चक्रमुद्रित पत्रक काढले आणि पुढे १९४० मध्ये अशा हौशी प्रकाशनांसाठी ‘फॅनझिन’ हा शब्द रूढ होऊ लागला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या ‘ऑझ’ या बंडखोर नियतकालिकाने ऑफसेट छपाईचा उपयोग करून रंगांवर रंग आणि चित्रांवर मजकूर चढवला. ते पान कित्येकदा वाचणेही कठीण जाई. १९७० मध्ये ‘ऑझ’ने एक संपूर्ण अंक शाळकरी मुलामुलींच्या हाती सोपवला. त्यावरून संपादकांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, १९७१ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि अपिलात ती रद्द ठरली. मुलांनी स्वतः काढलेल्या पानांची व्यवस्थेला इतकी धास्ती वाटावी, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते.

या इतिहासातील खरे वळण १९७६ च्या उन्हाळ्यात आले. मार्क पेरी या एकोणीस वर्षांच्या बँकेतील कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ हे पंक या आक्रमक, साध्या रॉक संगीताला वाहिलेले फॅनझिन सुरू केले आणि त्याचे नाव रामोन्स या न्यूयॉर्कच्या बँडच्या गाण्यावरून घेतले. मजकूर टंकलेखन यंत्रावर केलेला, मथळे जाड मार्करने हाताने लिहिलेले, चुकलेले शब्द तसेच खोडलेले, पानांच्या झेरॉक्स प्रती काढून कोपऱ्यात स्टेपल मारलेली, असे त्याचे रूप होते. पहिल्या अंकाच्या प्रती जेमतेम पन्नासच्या आसपास निघाल्या. वर्षभरात हा आकडा काही हजारांवर गेला. तरीही १९७७ मध्ये पेरी यांनी ते बंद केले. वाचकांनी आपल्यावर विसंबून न राहता स्वतःची फॅनझिने काढावीत, असे त्यांचे आवाहन होते आणि ते मानून ब्रिटनभर पुष्कळ तरुणांनी खरोखरच ती काढली. गिटारचे तीन कॉर्ड दाखवून ‘आता बँड काढा’ असे सांगणारे प्रसिद्ध रेखाटन अनेकदा ‘स्निफिन ग्लू’च्या नावावर घातले जाते, प्रत्यक्षात ते ‘साइडबर्न्स’ या दुसऱ्या फॅनझिनमधले आहे.

या ओबडधोबड रूपामागची कारणे आर्थिक होती. व्यावसायिक अक्षरजुळणी परवडत नसे, तेव्हा वर्तमानपत्रांतील अक्षरे कापून चिकटवणे हा स्वस्त मार्ग होता. कलाकार जेमी रीड यांनी लंडनच्या क्रॉयडन भागातील ‘सबर्बन प्रेस’ या राजकीय प्रकाशनात ही रीत वापरली आणि पुढे सेक्स पिस्टल्स या बँडच्या पोस्टरांवर व रेकॉर्डच्या वेष्टनांवर ती सर्वत्र पोहोचवली. झेरॉक्सवर छायाचित्रातील मधल्या छटा निघून जात आणि फक्त काळेपांढरे उरे. तो दोष पंकच्या कठोर चेहऱ्याशी आपोआप जुळला. गरजेतून आलेली खूण अशा रीतीने शैली झाली, आणि शैली झाली म्हणूनच पुढे ती विकताही आली.

शैली विकली जाण्याचा हा धोका ज्याने सर्वांत प्रामाणिकपणे हाताळला, असे नियतकालिक माझ्या मते ‘आय-डी’ हे होय. ब्रिटिश ‘व्होग’ या फॅशन मासिकाचे कला दिग्दर्शक राहिलेल्या टेरी जोन्स यांनी १९८० मध्ये ते आडव्या आकारात, स्टेपल मारून, टंकलिखित मजकुरासह काढले. रस्त्यावर भेटलेल्या तरुणाला किंवा तरुणीला जवळच्याच भिंतीपुढे नखशिखान्त उभे करून टिपलेले छायाचित्र, आणि सोबत अंगावरचे कपडे कुठून आणले, कोणते संगीत आवडते याची उत्तरे, हा त्याचा गाभा होता. या पद्धतीला ‘स्ट्रेट-अप’ म्हणत. यात मांडणी माणसाच्या आड येत नाही. वेशभूषा त्याची, उभे राहणे त्याचे आणि शब्दही त्याचेच. त्याच वर्षी निक लोगन यांनी सुरू केलेल्या ‘द फेस’ या मासिकाला १९८१ पासून रचनाकार नेव्हिल ब्रॉडी यांनी स्वतः रेखाटलेल्या अक्षरांनी विलक्षण देखणे रूप दिले, पण तिथे डोळ्यांत भरतो तो रचनाकार, आणि उपसंस्कृती त्याचा विषय होऊन राहते.

१९९१ च्या सुमारास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिया शहरातून ‘रायट गर्ल’ या स्त्रीवादी पंक चळवळीतील मुलींनी कात्री आणि झेरॉक्स पुन्हा हाती घेतले. पंकच्या जगातही मंचावर आणि मंचासमोर पुरुषांचेच वर्चस्व असे, आणि ‘बिकिनी किल’सारख्या झिनांनी (म्हणजे फॅनझिनांनी) त्यालाच आव्हान दिले. अत्याचार, शरीर आणि मैत्री यांविषयीचे अत्यंत खासगी लेखन हस्ताक्षरात छापल्यामुळे पानाला पत्राची जवळीक आली. रूप जुनेच होते, मजकूर मात्र नवा होता.

‘स्ट्रेट-अप’शी जवळचे नाते सांगणारी पद्धत छायाचित्रकार शोइची आओकी यांनी १९९७ मध्ये टोकियोत ‘फ्रूट्स’साठी वापरली. हाराजुकू भागातील तरुणांनी स्वतः जुळवलेले, उसवून पुन्हा शिवलेले रंगीबेरंगी पोशाख त्यांनी वीस वर्षे पानभर छायाचित्रांतून नोंदवले. २०१७ मध्ये त्यांनी मासिक बंद केले, आणि त्याचे कारण सांगितले, ते असे की छायाचित्र काढावे अशी मुले आता रस्त्यावर पुरेशी दिसत नाहीत.