हडसन सॉफ्ट

हडसन सॉफ्ट : व्हिडिओ गेम तयार करणारी व प्रकाशित करणारी जपानी कंपनी. तिची स्थापना १८ मे १९७३ रोजी होक्काइदो बेटावरील सापोरो शहरात झाली आणि १ मार्च २०१२ रोजी कोनामी डिजिटल एंटरटेनमेंटमध्ये विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. ‘बाँबरमॅन’ हा तिचा सर्वांत गाजलेला खेळ होय. तथापि संगणकाची भाषा, यंत्रातील चिप आणि पडद्यावरचा खेळ या तिन्ही गोष्टी स्वतः घडवणारी कंपनी म्हणून तिचे महत्त्व कोणत्याही एका खेळापेक्षा मोठे आहे.

संस्थापक कुडो युजी आणि कुडो हिरोशी या बंधूंनी सुरुवात केली ती हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅम मंडळींना, लागणारे साहित्य विकणाऱ्या दुकानापासून. युजी यांना वाफेच्या इंजिनांचे वेड होते. पुढे चार, मध्ये सहा आणि मागे चार अशी चाकांची मांडणी असलेल्या इंजिनांना रेल्वेच्या परिभाषेत ‘हडसन’ म्हणतात. जपानचे सी-६२ हे इंजिन याच जातीचे, आणि त्यावरूनच दुकानाचे नाव पडले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणक बाजारात येऊ लागले, तेव्हा रेडिओची जुळवाजुळव करण्यात हात बसलेल्या या मंडळींना संगणकाकडे वळणे अवघड गेले नाही. शार्प कंपनीच्या संगणकांसाठी हडसनने बेसिक या संगणकभाषेची ‘हू-बेसिक’ ही आवृत्ती तयार केली. याच कामातून पुढे निन्टेंडो, शार्प आणि हडसन यांनी मिळून निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी ‘फॅमिली बेसिक’ सिद्ध केले व ते १९८४ मध्ये बाजारात आले.

फॅमिकॉमची अंतर्गत रचना अशा रीतीने जवळून पाहायला मिळाल्यामुळे हडसन ही त्या यंत्रासाठी खेळ काढणारी पहिली बाहेरची कंपनी ठरली. जुलै १९८४ मध्ये तिने ‘नट्स अँड मिल्क’ आणि मूळचा अमेरिकन ‘लोड रनर’ हे दोन खेळ आणले. त्यांपैकी ‘लोड रनर’च्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. संगणकांवर १९८३ मध्येच आलेला ‘बाँबरमॅन’ डिसेंबर १९८५ मध्ये फॅमिकॉमवर नव्या रूपात अवतरला. चौकटींच्या चक्रव्यूहात बाँब ठेवायचा, विटा फोडायच्या आणि स्वतःच्याच स्फोटात सापडायचे नाही, एवढाच त्याचा नियम. मात्र अनेक खेळाडू समोरासमोर उभे करताच त्याची खरी रंगत कळते. १९९६ च्या सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेमयंत्रावरील आवृत्तीत तर दहा जण एकाच पडद्यावर खेळू शकत.

१९८५ पासून हडसनने उन्हाळ्यात गावोगावी नेमबाजीच्या व्हिडिओ खेळांच्या ‘कॅरव्हान’ स्पर्धा भरवल्या. सेकंदाला सोळा वेळा कळ दाबणारा कंपनीचा कर्मचारी ताकाहाशी मेइजिन याच काळात जपानी मुलांचा लाडका नायक झाला. (‘मेइजिन’ म्हणजे निष्णात.) सेगाच्या ‘वंडर बॉय’ या खेळाचे रूपांतर करताना मूळ नायक वापरता येत नव्हता, म्हणून त्याच्या जागी ताकाहाशीलाच आणले गेले आणि १९८६ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ जन्माला आला. नव्वदच्या दशकात भारतात विकल्या गेलेल्या फॅमिकॉमच्या नकली यंत्रांवर हा खेळ असे. त्यामुळे टोपी घातलेला, कुऱ्हाड फेकत पळणारा तो माणूस हडसनचे नावही न ऐकलेल्या अनेक मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे.

हडसनचे सर्वांत धाडसी काम म्हणजे पीसी इंजिन हे गेमयंत्र. यंत्राचा मेंदू असलेली आणि चित्रे रेखाटणारी अशा मुख्य चिप हडसनने आखल्या, उत्पादन व विक्री एनईसी या बलाढ्य कंपनीने केली आणि ३० ऑक्टोबर १९८७ रोजी यंत्र विक्रीस आले. मध्यवर्ती चिप आठ बिटांचीच होती, पण रंग आणि चित्रांच्या बाबतीत ते फॅमिकॉमच्या पुष्कळ पुढे होते. खेळ जाडजूड कार्ट्रिजऐवजी पातळ ‘हू-कार्ड’वर मिळत. डिसेंबर १९८८ मध्ये या यंत्राला सीडी-रॉमची जोड मिळाली. घरगुती गेमयंत्राला अशी जोड मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. ध्वनिमुद्रित संवाद आणि संगीत त्यामुळे खेळात आले. १९९४ चे पुढचे यंत्र पीसी-एफएक्स मात्र चालले नाही.

कंपनीची घसरण केवळ खेळांच्या यशापयशातून झाली नाही. तिला कर्ज देणारी प्रमुख बँक, होक्काइदो ताकुशोकु, नोव्हेंबर १९९७ मध्ये कोसळली आणि सापोरोच्या या कंपनीचा आर्थिक आधारच गेला. भांडवलासाठी तिने २००० मध्ये शेअरबाजाराची वाट धरली. २००१ मध्ये कोनामी सर्वांत मोठी भागधारक झाली आणि २००५ मध्ये निम्म्याहून अधिक मालकी तिच्याकडे गेली. याच कठीण वर्षांत हडसन निन्टेंडोसाठी ‘मारिओ पार्टी’ ही खेळमालिका घडवत होती, हे विशेष नमूद करायला हवे : १९९८ च्या पहिल्या भागापासून २००७ च्या आठव्या भागापर्यंतचे काम तिचेच. एप्रिल २०११ मध्ये कोनामीने उरलेली मालकीही घेतली आणि वर्षभरात विलीनीकरण झाले.

‘बाँबरमॅन’ आणि ‘मोमोतारो देनतेत्सु’ या रेल्वेप्रवासाच्या खेळाचे हक्क आता कोनामीकडे आहेत. ‘मारिओ पार्टी’ची जबाबदारी निन्टेंडोच्या एनडी क्यूब या कंपनीकडे गेली असून, हडसनमधील अनेक जुने कारागीर तिथे रुजू झाले.