तेराव्या तारखेची स्ट्रॉबेरी

‘स्टारड्यू व्हॅली’ या २०१६ च्या गेममधला नायक ऑफिसची नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर राहायला येतो. हातात ५०० सोन्याची नाणी, शिवाय गावाच्या महापौरांनी दिलेलं पार्स्निपचं थोडं बियाणं. हे गाजरासारखं कंदमूळ ४ दिवसांत तयार होतं. बी २० ला मिळतं, कंद ३५ ला जातो.

वसंताच्या १३ तारखेला गावात उत्सव असतो आणि तिथेच स्ट्रॉबेरीचं बियाणं विकायला येतं, १०० ला एक. फळ ८ दिवसांनी लागतं, पुढे दर ४ दिवसांनी. वसंत २८ दिवसांचा आणि हे पीक वसंतापुरतंच, त्यामुळे दोनच तोडे होतात. १२० च्या भावाने शंभराचे २४० होतात. पण बाराव्या दिवशी सामानासाठी २००० ची मोठी पिशवी विकत घेऊन बसलेला खेळाडू उत्सवात रिकाम्या हाताने फिरतो! पैसा नुसता असून भागत नाही, तो हव्या त्या दिवशी मोकळा असावा लागतो, हे इथे चांगलंच कळतं.

बाकी हे शेत फारच दयाळू आहे. घरभाडं नाही, न जेवता माणूस मरत नाही, आणि हजार पार्स्निप एकदम विकले तरी भाव पस्तीसच. लासलगावला कांदा घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल. शिवाय संगणकावर गेम सेव्ह होतो तो रात्री झोपल्यावर, त्यामुळे दिवस फसला तर आधीच बंद करून तोच दिवस पुन्हा जगता येतो. उधारी मात्र कुठेच नाही.

खरी ओढाताण बघायची तर लुकास पोपचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ खेळावा. त्यात तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून. एका माणसाची कागदपत्रं नीट तपासली की ५ क्रेडिट मिळतात. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून दंड. रात्री हिशेब समोर येतो: भाडं, जेवण, घर गरम ठेवण्याचा खर्च आणि बायको, मुलगा, सासू, काका यांच्यापैकी कोण उपाशी, कोण गारठलंय. भाडं कापलं जातंच, मग कात्री जेवणाला किंवा उबेला. आज ऊब वाचवली तर पुढे औषध घ्यावं लागतं. म्हणजे ही काटकसर दिसते तशी नाही, ती उद्याकडून घेतलेली उधारीच आहे.

अनुज शाह, सेंधिल मुल्लैनाथन आणि एल्दार शफीर या संशोधकांनी हीच गोष्ट प्रयोगात पकडली. २०१२ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात माणसांना गेम खेळायला दिले होते. कुणाच्या वाट्याला भरपूर फेऱ्या किंवा वेळ, कुणाच्या वाट्याला मोजकाच. कोण गरीब, कोण श्रीमंत हे नशिबावर. गोफणीने नेम धरायच्या गेममध्ये गरीब खेळाडू प्रत्येक फेकीला जास्त वेळ देत होते, म्हणजे निष्काळजी ते नव्हतेच. पण उधार घ्यायची मुभा मिळाली की ते व्याज सोसूनही भरमसाट उचल करत आणि शेवटी मागे पडत. उधारी बंद ठेवली तेव्हा त्यांचेच गुण वाढले.

२०१९ मध्ये त्याच संशोधकांनी आपले प्रयोग पुन्हा करून पाहिले. सगळं टिकलं नाही. टंचाई आली की माणूस जास्त उचल करतो, हा निष्कर्ष मात्र टिकला.