शिंग्रोबाची वाट: रस्त्याची की रेल्वेची?

बोरघाटातल्या रेल्वेच्या गोष्टी निघाल्या की पहिलं नाव शिंग्रोबाचं येतं. या धनगराने इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, ही कथा इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. वाद आहे तो त्याने दाखवलेली वाट कोणती यावर.

हल्ली बहुतेक जण बेधडक रेल्वे म्हणतात. पण चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता घाटात १८३० सालीच खुला झाला होता, लोहमार्गाचं काम सुरू झालं १८५६ मध्ये. शिवाय शिंग्रोबाचं देऊळ आहे ते खोपोलीहून चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर. रेल्वे पळसदरीहून जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी दुसऱ्याच बाजूने वर जाते. जागेचा विचार केला तर कथा रस्त्याची ठरते. स्वातंत्र्याच्या मागणीला मात्र नंतरच्या काळाचा वास येतो, असं म्हणून ती उडवून लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की १८३० मध्ये पेशवाई बुडून जेमतेम १२ वर्षं झाली होती.

तरी कथा रेल्वेकडे का सरकली, हे समजण्यासारखं आहे. घाटातलं खरं मरण रेल्वेच्या कामावर झालं. २५ बोगदे, ८ मोठे पूल, ३७ फुटांमागे १ फूट चढ, आणि १८६१ च्या सुमारास ४२ हजारांवर मजूर. पटकी आणि तापाने माणसं पटापट गेली. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये कर्जतजवळ दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. दुसरा येऊन थोड्याच दिवसांत वारला. पुढचा कारभार त्याच्या बायकोने पाहिला. तिच्या जिद्दीचं कौतुक आजही होतं, होऊ दे. ज्यांनी सुरुंग भरले त्यांच्यासाठी घाटात वेगळं देऊळ नाही, तेव्हा त्यांच्या वाटचं दुःखही शिंग्रोबाच्याच खाती जमा झालं असावं.

लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. खंडाळ्याच्या अलीकडे, रस्ता आणि रूळ जवळ येतात तिथे, गाडीची दिशा उलटी करून पुढचा चढ घ्यावा लागे. १९२९ मध्ये नवे बोगदे झाल्यावर तो खटाटोप संपला. रस्त्यावरची बरीचशी वाहनं २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने ओढून नेली, पण शिंग्रोबापुढे नाणं टाकायची पद्धत ट्रकवाल्यांनी सोडलेली नाही. उलटी दिशा घेण्याच्या त्या जागेजवळचा १८३० चा दगडी पूल, बामाच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन’ झालेला, वाहतुकीला अडचण म्हणून एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला.