सरोवरकाठचा वादळ-पाठलाग

गडगडाटी वादळाचा मोटारीतून माग काढून त्याचे निरीक्षण, चित्रण किंवा मोजमाप करणे म्हणजे वादळ-पाठलाग. अमेरिकेत डेव्हिड होडली यांनी १९५६ मध्ये नॉर्थ डाकोटात हा छंद सुरू केला. १९७२ पासून ओक्लाहोमातील शास्त्रज्ञांनी त्याला संशोधनाची शिस्त लावली. पाठलाग म्हटले की सपाट गवताळ मैदाने आठवतात. मिशिगन सरोवराच्या काठी मात्र आभाळाइतकेच पाण्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

हे सरोवर सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरचे, जास्तीत जास्त १९० किलोमीटर रुंद. मे-जूनमध्ये जमीन तापते, पण पाण्यातला हिवाळ्याचा गारठा सरलेला नसतो. दुपारी पाण्यावरची थंड, जड हवा काठावर शिरते. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यांसारखेच हे वारे, फक्त गोड्या पाण्यावरचे. त्यांच्या आघाडीवर जमिनीवरची उबदार हवा वर ढकलली जाते आणि तिथे ढग उभे राहू लागतात. उपग्रहचित्रात काठाला समांतर दिसणारी ही बारीक ढगरेषा ओळखता येणे, हे इथल्या पाठलागाचे खरे कसब. हीच थंड हवा वादळाची जमिनीलगतची ऊब तोडते, म्हणून पश्चिम काठच्या विस्कॉन्सिन राज्याकडून आलेली वादळे पाण्यावर पुष्कळदा मंदावतात. पण त्यावर विसंबू नये. जोमदार वादळरांगा वरच्या थरातल्या दमट, उबदार हवेवर तग धरतात. ३१ मे १९९८ च्या पहाटे अशीच एक रांग विस्कॉन्सिन झोडपून, सरोवर ओलांडून मिशिगन राज्यात घुसली आणि तिथेही मोठी पडझड झाली.

ग्रँड हेवन, लुडिंग्टन अशा पूर्व काठच्या गावांतून दिसणारे दृश्य मैदानातही दुर्मीळ. समोर झाड नाही, घर नाही. पाण्याच्या रेषेवरून काळ्या ढगाची कमान सरळ अंगावर चालून येते. मात्र पाण्यावर रस्ता नसतो. वादळ काठावरून सरोवरात शिरले की पाठलाग तिथेच थांबतो. सरोवराकडून आले तर मागे फिरायच्या वाटा मोजक्याच, आणि काठ सोडताच वाळूच्या टेकड्या नि दाट झाडी नजर अडवतात.

उघडी वाळू आणि पाण्यात गेलेले लांब धक्के विजेच्या दृष्टीने अत्यंत धोक्याचे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. तेव्हा गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

वादळ निघून गेले तरी पाणी लगेच शांत होत नाही. २६ जून १९५४ रोजी सकाळी एक वादळरांग सरोवराच्या दक्षिण भागावरून वेगाने गेली. तिच्या दाबाने उठलेली लाट पलीकडच्या काठावर आपटून परत फिरली आणि वादळ पुढे सरकल्यावर शिकागोच्या किनाऱ्यावर आली. उंची सुमारे ३ मीटर. माँट्रोज बंदराच्या धक्क्यावर मासे पकडायला बसलेली माणसे तिने ओढून नेली. त्या सकाळी आठ जण बुडाले.